बीपी असलेल्या नर्ससाठी ताणाचे धडे : ड्युटीवर शिकायचे, ड्युटीवरच वापरायचे

‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य मी माझ्या वर्गातून काढून टाकलं आहे. डॉक्टर ते सांगतात, घरचे सांगतात, आपणही पेशंटला सांगतो, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. अर्धा वॉर्ड एकटीच्या अंगावर, एक बेड सिरियस, दोन ॲडमिशन दारात, नातेवाईक काउंटरवर, आणि त्यातच इन्फ्युजन पंपाचा अलार्म. टेन्शन घ्यायचं की नाही, असं तिथे कुणी विचारत नाही. म्हणून बीपी असलेल्या सिस्टर आणि ब्रदर यांना मी जे शिकवते, त्यात उपदेश कमी आणि हाताने करायच्या गोष्टी जास्त असतात. मी वॉर्डात वाढलेली नर्स. आता स्टाफचं प्रशिक्षण बघते. बीपीची गोळी मलाही रोज आहे. पुढचं सगळं एकटीने करता येतं, पण पाच-सहा जणींचा गट केला तर जास्त टिकतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे सगळं गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही. डॉक्टरांना न विचारता गोळी कमी करायची नाही, बंद तर मुळीच नाही. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडीन एकाएकी सोडलं तर बीपी उसळी मारतं, हे आपण पेशंटला शिकवतो. ते आपल्यालाही लागू आहे.

आधी स्वतःचं बीपी नीट घ्या

पहिला आठवडा मी फक्त मोजण्यावर घालवते. गटातल्या मंडळींना हे सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण दिवसभर बीपी घेणं हेच तर आपलं काम. पण नर्स स्वतःचं बीपी कसं घेते ते पाहा. राउंड संपल्यावर धावत ड्युटी रूममध्ये येते. उभ्यानेच किंवा स्टुलाच्या कडेवर टेकून कफ बांधते. हात लटकलेला, बाही वर गुंडाळून दंडाला आवळलेली, तीन तासांपासून लघवीला गेलेली नाही, आणि मशीन फुगत असताना समोरच्या सिस्टरला सांगते आहे की बारा नंबरचं सॅम्पल पाठवायचं राहिलं. आकडा येतो 158/96. ती घाबरते, लगेच पुन्हा घेते, तो आणखी वर जातो.

यातली प्रत्येक गोष्ट आकडा फुगवते. बोलण्याने वरचा आकडा सहज दहाच्या आसपास चढतो. भरलेल्या मूत्राशयाने चढतो, हात हृदयाच्या पातळीखाली लोंबकळत असेल तर चढतो, पायावर पाय टाकला किंवा पाठीला टेका नसला तरी चढतो. कफ लहान पडला तर तोही खोटा जास्त आकडा दाखवतो. वॉर्डातला जो कफ हाताला लागेल तो बांधायचा नाही. टेपने दंडाचा मध्यभागी घेर मोजा आणि कफवर छापलेल्या मापाशी जुळवा.

मग नीट कसं घ्यायचं? लघवीला जाऊन या. चहा-कॉफी, तंबाखू, जिना धावत चढणं, यातलं काही झालं असेल तर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीत, कफ उघड्या त्वचेवर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या आणि दोन्ही आकडे लिहा. बरा दिसतो तेवढाच लिहायचा नाही. मनगटावरचं मशीन नको, दंडावरचं तपासलेलं मशीन घ्या. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर घेऊन पाहा आणि ज्या हातावर जास्त येतं तोच पुढे कायम वापरा. दोन हातांत पुन्हा पुन्हा दहापेक्षा जास्त फरक येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

असं सात दिवस करायचं, रोज दोन वेळा. पहिला दिवस सोडून बाकी सगळ्याची सरासरी काढायची. पुस्तकात ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहिलेलं असतं, पण नाईट करणाऱ्याला सकाळ म्हणजे कोणती? माझ्या वहीत त्याचा अर्थ असा : झोपून उठल्यावर तासाभरात, गोळीच्या आधी, एकदा, आणि झोपायला जाण्यापूर्वी एकदा. मग ती झोप दुपारी असो की रात्री. दवाखान्यात 140/90 ही उच्च रक्तदाबाची प्रचलित रेषा आहे. घरी घेतलेल्या सरासरीला ती 135/85 धरतात. अमेरिकेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी रेषा 130/80 वर आणली. आपले डॉक्टर आपल्यासाठी कोणतं लक्ष्य धरतात ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

याला मी एक वेगळा रकाना जोडते : ड्युटीच्या मध्यावर एक रीडिंग. तेही पाच मिनिटं बसूनच, पण सरासरीत धरायचं नाही. शेजारी ताण शून्य ते दहा यांपैकी किती, आणि तेव्हा काय चाललं होतं याची एक ओळ. ‘रिलीव्हर आली नाही.’ ‘लहान मुलाची लाइन (शिरेतली सुई) लागत नव्हती.’ ‘शांत.’ हा रकाना फार बोलका असतो. तपासणीला आपण बहुधा ऑफच्या दिवशी, झोप झाल्यावर जातो, तिथे आकडा चांगला येतो, आणि डॉक्टर म्हणतात सगळं ठीक. ड्युटीवर मात्र तो रोज वर असतो. याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात, आणि ते दवाखान्याबाहेर, रोजच्या जागी मोजल्याशिवाय सापडत नाही. उलटही होतं : दवाखान्यात वर, घरी नीट. चोवीस तासांचं मशीन लावायची वेळ आली तर आपण नाईटला आहोत आणि नेमके कधी झोपतो ते लिहून द्या, नाहीतर रिपोर्टमध्ये तुमची झोप ‘दिवस’ म्हणून मोजली जाईल.

शरीरात काय होतं, थोडक्यात

अलार्म वाजला की सिम्पथेटिक यंत्रणा, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या नसा, जागी होते, ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात. हे कामाचंच आहे. याच बळावर आपण क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली, घेऊन धावतो. घटना संपली की मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब ओळखणाऱ्या बॅरोरिसेप्टरच्या मदतीने दाब खाली यायला हवा. अडचण येते ती पुढच्या अलार्मने आधीचं उतरूच दिलं नाही तर, किंवा घरी गेल्यावरही डोक्यात तोच प्रसंग घोळत राहिला तर. घडून गेलेलं मनात फिरत राहिलं की शरीराच्या लेखी ते अजून चालूच असतं. त्यामुळे चढणं थांबवण्याच्या मागे मी लागत नाही. उतरायला जागा कशी करून द्यायची, ते शिकवते.

बेसिनपाशी श्वास

‘रोज वीस मिनिटं ध्यान करा’ असं सांगितलं की नर्स मान डोलावते आणि करत नाही. वीस मिनिटं आणायची कुठून? म्हणून मी ड्युटीत आधीच असलेला वेळ शोधला : हात धुण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, हातावर चोळायच्या सॅनिटायझरने, म्हणजे रबने, 20 ते 30. एका ड्युटीत हे कितीतरी वेळा होतं आणि त्या वेळात कुणी हाक मारली तरी ‘हात धुतेय’ हे चालणारं उत्तर असतं.

करायचं असं. नळ सुरू केला की आधी खांदे खाली सोडा; ते कानाशी गेलेले असतात आणि आपल्याला कळलेलंही नसतं. दात एकमेकांवर दाबलेले असतील तर सोडा. तळव्यावर तळवा घासताना नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, पोट पुढे येऊ द्या. तळहात मागच्या बाजूवर घासताना सहा मोजेपर्यंत श्वास बाहेर. बोटांच्या फटी, बोटांच्या मागच्या बाजू, अंगठा, नखांची टोकं : हात आपल्या क्रमाने चालू राहतात, श्वास आपल्या. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा. या गतीला श्वास आला की दाब सांभाळणारी प्रतिक्रिया अधिक चोख चालते, असं अभ्यासांत दिसलं आहे. एका हात धुण्यात चार ते सहा श्वास होतात, रबच्या वेळी दोन-तीन. मास्क असला तरी चालतं.

श्वास रोखून धरायचा नाही. छाती भरून ताणायची नाही. कुंथल्यासारखं केलं तर दाब उलट चढतो. गरगरलं तर नेहमीच्या श्वासावर या, म्हणजे आपण जास्त खोल घेत होतो. दमा किंवा दुसरा छातीचा आजार असलेल्यांनी मोजणी लहान ठेवावी, तीन आत, चार बाहेर.

पहिल्या आठवड्यात फक्त एकाच ठिकाणी करा. मी म्हणते इंजेक्शन ट्रॉलीकडे जाण्यापूर्वीचं हात धुणं. सगळीकडे करायला गेलं की दोन दिवसांत विसरतं. एका जागी सवय बसली की हात ओला झाल्याबरोबर श्वास आपोआप लांबतो. घरी सलग दहा मिनिटं बसून केलं तर आणखी चांगलं, पण ड्युटीवरचं सोडून नाही.

इमर्जन्सीनंतरची दहा मिनिटं, आणि ओव्हर

सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) झाला, पेशंट वाचला किंवा गेला, आणि पुढच्याच मिनिटाला आपण औषधांच्या नोंदी करायला बसतो. मी प्रत्येक इन्चार्जला विनंती करते की अशा प्रसंगानंतर टीमला उभ्याउभ्या दहा मिनिटं द्या. तीनच प्रश्न : काय झालं, काय नीट झालं, पुढच्या वेळी काय हाताशी हवं? दोष कुणाचा, हा प्रश्न त्या दहा मिनिटांत नाही. ज्या सिस्टरने छाती दाबली तिला बसवा, पाणी द्या, तिचा बेड पंधरा मिनिटं दुसरीने बघावा. प्रसंग बोलून संपवला की तो घरी सोबत येण्याचं प्रमाण कमी होतं.

ओव्हरचं, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवण्याचंही तसंच. घाईत दिलेली ओव्हर हा ताणाचा मोठा झरा आहे, आणि तो दोन्हीकडे वाहतो : घेणारीला माहिती अर्धी मिळते, देणारी रस्ताभर ‘पोटॅशियम सांगितलं का मी?’ करत जाते. परिस्थिती, पार्श्वभूमी, आपलं निरीक्षण, आता काय करायचं, या ठरलेल्या क्रमाने प्रत्येक पेशंट द्या. जगभर एसबीएआर नावाने हाच क्रम वापरतात. शेवटी एक कागद ठेवा, ‘राहिलेली कामं’, आणि तो हातात द्या. कागद दिला की माझी ड्युटी संपली, असं मनाशी ठरवूनच कपडे बदलायला जा. घरी गेल्यावर काही आठवलंच तर एक फोन करून सांगा आणि विषय मिटवा. तासभर मनात घोळवण्यापेक्षा दोन मिनिटांचा फोन बरा.

नाईट, झोप आणि गोळीची वेळ

झोपेत रक्तदाब साधारण 10 ते 20 टक्के खाली येतो. रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. नाईट लागली की ही घसरण बिघडते, आणि दिवसा तुकड्यातुकड्याने घेतलेली झोप ती पुरती भरून काढत नाही. म्हणून बीपी असलेल्या नर्सने दिवसाच्या झोपेचं रक्षण औषधाच्या डोसासारखं करावं. खोली काळोखी, फोन बंद, दारावर चिठ्ठी, घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं. कॅफिन शरीरातून अर्धं जायलाच साधारण पाच तास लागतात. तेव्हा नाईटच्या उत्तरार्धात चहा-कॉफी थांबवा.

दिवसा आडवं झाल्यावर अंग सैल पडत नाही, त्यासाठी एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिलेली स्नायू शिथिल करण्याची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. पावलांपासून सुरू करा : पाच सेकंद हलकेच आवळा, मग सोडा आणि सुटलेलं वीस सेकंद जाणवू द्या. पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, चेहरा. आवळताना श्वास चालू ठेवायचा आणि जोर निम्माच लावायचा. मान किंवा कंबर दुखत असेल तर तो भाग वगळा. बऱ्याच जणी खांद्यांपर्यंत पोचण्याआधीच झोपतात.

घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं कुणी सांगितलं असेल, पुरेशी झोप होऊनही डोकं जड राहत असेल, तर स्लीप ॲप्निया तपासून घ्या. त्याने बीपी औषधालाही दाद देईनासं होतं, आणि ते सगळं आपण ‘नाईटचा थकवा’ म्हणून खपवतो.

गोळी सकाळी की रात्री, हा प्रश्न गटात हमखास येतो. ब्रिटनमध्ये 21,000 हून अधिक लोकांवर झालेल्या ‘टाइम’ नावाच्या चाचणीचा निकाल 2022 मध्ये आला. हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि त्यांनी होणारे मृत्यू यांत सकाळ-रात्रीने फरक पडला नाही. आपल्यासाठी याचा अर्थ सोपा : जी वेळ चुकत नाही ती वेळ. ड्युटी फिरती असेल तर डॉक्टरांशी बोलून घड्याळातली एकच वेळ ठरवा आणि मोबाईलमध्ये अलार्म लावा. लघवी वाढवणारी गोळी मात्र झोपेच्या तोंडावर नको, ती झोप मोडते.

ड्युटी रूमच्या ड्रॉवरमधल्या गोळ्या

कंबर धरली की आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, आणि तेही रोज. या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि बीपीच्या बऱ्याच औषधांचा परिणाम कमी करतात. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने नाव संपणारी बीपीची गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना त्यावर ही वेदनाशामकं म्हणजे किडनीला धोका. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, फिनाइलएफ्रिन यांनीही दाब वाढतो. पाण्यात विरघळवून घ्यायच्या गोळ्यांत सोडियम बरंच असतं. वहीत घेतलेल्या प्रत्येक गोळीची नोंद करा. कितीदा तरी ‘ताणाचं बीपी’ खरं म्हणजे कंबरदुखीच्या गोळ्यांचं निघतं. मिठाचं एका ओळीत : दिवसाला पाच ग्रॅमच्या आत.

कुणाच्या हातात काय

रॉबर्ट कारासेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये मांडलं की नुसत्या जास्त कामाने माणूस तेवढा पिचत नाही, जेवढा जास्त काम आणि कमी अधिकार या जोडीने पिचतो. नर्सचं काम याचं चपखल उदाहरण आहे. हा भाग वगळून फक्त श्वास शिकवला तर नर्सवर अन्याय होतो, असं माझं ठाम मत आहे. माणसं कमी असल्याचं ओझं तिच्या फुप्फुसांवर टाकायचं नसतं.

गटात मी कागदाचे तीन भाग करायला सांगते. पहिल्यात आपण आजपासून बदलू शकतो ते : ओव्हरचा कागद, बेसिनचा श्वास, मध्ये एकदा बसून पाणी पिणं. दुसऱ्यात इन्चार्ज किंवा मेट्रन बदलू शकतील ते. तिसऱ्यात सध्या कुणीच बदलू शकत नाही ते. खरी मेहनत दुसऱ्या भागावर. मागणी नेमकी, एका वेळी एकच, आणि तारखा जोडून ठेवा. ‘फार लोड आहे’ या वाक्याला उत्तर मिळत नाही. ‘या महिन्यात चार वेळा संध्याकाळची ड्युटी संपवून सकाळी परत आले, मधे अकरा तासही मिळाले नाहीत; पुढच्या रोस्टरमध्ये हे टाळता येईल का?’ याला मिळतं. ड्युटी सकाळ, मग संध्याकाळ, मग नाईट अशा पुढच्या क्रमाने फिरवली तर शरीराला उलट क्रमापेक्षा सोपी जाते, हेही रोस्टर करणाऱ्याला सांगा. वाजणाऱ्या अलार्मच्या मर्यादा पेशंटप्रमाणे डॉक्टरांकडून ठरवून घेतल्या तर निम्मा गोंगाट टळू शकतो.

नातेवाईक अंगावर आले तर एक वाक्य पाठ असू द्या : ‘तुमची काळजी कळते आहे. मी आत्ता हे औषध देऊन दहा मिनिटांत तुमच्याशी बोलते.’ आणि दहा मिनिटांत खरोखर जा. हात उगारला, शिवी दिली, तर तिथे समजूत काढत थांबायचं नाही; बाजूला व्हा, सिक्युरिटीला बोलवा, लेखी नोंद करा.

झोप उडणं, कामावर जायच्या विचारानेच पोटात गोळा, पेशंटबद्दल काहीच न वाटणं, हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर गटापुरतं ठेवू नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगायची इच्छा नाही असं वाटलं तर त्याच दिवशी.

आकडा खूप वर आला तर

180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, हातापायात कमजोरी, बोलणं अडखळणं, अंधुक दिसणं किंवा असह्य डोकेदुखी : हातातलं काम सोडून लगेच कॅज्युअल्टी. ‘ओव्हर देऊन जाते’ नको. लक्षण काहीच नसेल तर शांत जागी बसा, पाच मिनिटांनी नीट पद्धतीने पुन्हा घ्या, आणि तरीही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायची पद्धत एके काळी होती. दाब धाडकन कोसळून स्ट्रोक आणि हार्ट अटॅक झाल्याचं दिसल्यावर ती सोडून दिली गेली. ड्रॉवरमधून स्वतःच जादा गोळी घेणं हा त्याच जातीचा धोका.

गट चालवणाऱ्यांसाठी

आठवड्यातून एकदा, अर्धा तास, आठ आठवडे. वेळ ड्युटीतलीच हवी. ड्युटी संपल्यावर थांबवून ताण कमी करायचं शिकवू नका. शिफ्ट बदलताना दोन्हीकडचा स्टाफ हजर असतो, ती वेळ चांगली. कुणाचं बीपी किती हे गटाबाहेर जाणार नाही आणि मूल्यमापनात येणार नाही, हे प्रशासनाकडून लेखी घ्या. नाहीतर मंडळी खोटे आकडे लिहितील, आणि त्यांचं चुकतं असंही म्हणता येणार नाही.

प्रत्येक बैठकीत नवी गोष्ट एकच. ती तिथेच करून बघायची, पुढच्या वेळी काय अडलं ते विचारायचं. मागे पडलेलीला रागवायचं नाही. तिची ड्युटी कोणती होती ते आधी बघा.

आठ आठवड्यांच्या शेवटी पुन्हा सात दिवसांची सरासरी काढा, त्याच मशीनवर, त्याच हातावर, शक्यतो तशाच ड्युटीच्या आठवड्यात. नाईटच्या आठवड्याची तुलना सुट्टीच्या आठवड्याशी केली तर काहीच कळणार नाही. चार-पाचची घसरण दिसली तर तिला किरकोळ समजू नका. औषधांच्या मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे की वरचा आकडा पाचने उतरला तर हार्ट अटॅक, स्ट्रोक यांसारख्या घटनांचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. काहीच उतरलं नाही तर वही डॉक्टरांपुढे ठेवा : दोन्ही सरासऱ्या, ड्युटीचा रकाना, वेदनाशामकांची नोंद. औषध बदलायचं की वाढवायचं हे त्यांना त्यावरून ठरवता येईल, आणि तुमची पाच मिनिटांची भेट ‘टेन्शन आहे का?’ एवढ्या प्रश्नात संपणार नाही.